वादी

सोहारला ओढा नाही. वादी आहे.
दगडगोट्यांची रुंद कोरडी वाट,
तिच्यात अकरा महिने बकऱ्या आणि एखादी टोयोटा.
मग हजरच्या डोंगरावर कधीतरी कोसळतो,
आणि पाणी येतं ते एकदाच.
मागे वळत नाही.

स्ट्रीम तशीच असते, मी नव्या पोरांना सांगतो.
बाइटमागून बाइट, पुढेच.
संपली की हातात उणे एक.
पुन्हा वाचायचं असेल तर आधीच कुठेतरी भरून ठेवायचं,
हंडे, कळशा, काय असेल ते.

मराठीत मात्र वादी म्हणजे फिर्याद घेऊन आलेला माणूस.

बंदरातल्या टगवरून पत्रं येतात, रात्री जास्त.
रजा, पगार, कुलर, बूट.
माझा प्रोग्राम आधी हेडर सोलतो:
कोणाकडून, कोणाला, कधी,
मग वाटेतल्या सर्व्हरांचे शिक्के,
सगळ्यात जुना सगळ्यात खाली.
मग एक रिकामी ओळ.
‘हिच्या आधी पत्ता, हिच्यानंतर माणूस’
असं मी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं.
खमीस अल-मकबालीने ते खोडलं.
म्हणाला, शेरे इंग्रजीत लिही.

मंगळवारी एक पत्र घशात अडकलं.
कुठल्या लिपीत आहे, हेडर सांगत नव्हतं.
पडद्यावर तिरकी मात्रा घेतलेला ए, पुन्हा ए, पुन्हा ए,
प्रत्येकामागे कुठल्याच देशाचं नसलेलं ते नाण्याचं चिन्ह,
मधूनमधून जपानी येन.
खमीस वाकून बघत म्हणाला, आमची भाषा फुटली
की काट मारलेली शून्यं दिसतात. ही कोणाची?
माझी, मी म्हणालो.
आमचं एकेक अक्षर तीन बाइटचं,
तिघांना वेगळं बसवलं की असा बाजार होतो.

तिघांना परत एकत्र बसवलं.
याकूब सारंग, मूळ गाव दाभोळ,
आडनाव सारंग आणि हुद्दाही सारंग.
‘साहेब, मागच्या पत्रात रजा मागितली होती ती आता नको.
कारण राहिलं नाही.
कॉम्प्युटरवर मराठी माणूस आहे असं कळलं
म्हणून आपल्या भाषेत लिहितो.
बूट मात्र द्या, नऊ नंबर.’

मागचं पत्र?

एकोणीस दिवसांपूर्वीचं. वर्गवारी: इतर.
त्याचं हेडर चोख होतं,
प्रोग्रामने ते नीट वाचलं,
आणि नीट वाचून ज्या जुन्या तक्त्यात ठेवलं
त्याला आपली लिपी ठाऊक नव्हती.
प्रत्येक खुणेमागे एक प्रश्नचिन्ह,
काना, वेलांटी, अनुस्वार, सगळ्यांना सारखंच.
चुकीचं वाचलेलं वाचलं.
बरोबर वाचलेलं गेलं.

पहिल्या ओळीत चार, तीन, चार.
रात्री दीडला रिकाम्या जागा भरत बसलो.
आईला बरं नाही. बसतं.
काका परत आलेत. तेही बसतं.
दुसऱ्या ओळीत आठ, दोन, आणि मग इतकी लांब रांग
की मी यंत्र बंद केलं.

सकाळी खमीसने तक्ता बदलला. एका ओळीचं काम.
मी भांडारातून बूट घेतले
आणि स्वतः धक्क्यावर गेलो, जे माझं काम नव्हे.
सारंग पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी,
दोराने हात सोललेले.
त्याने बूट पालथे करून झटकले,
नवे होते तरी, खलाशाची सवय.
‘दाभोळला कधी आलायत?’ एवढंच विचारलं.
मी म्हणालो, धोपाव्याहून फेरीने, एकदा.
तो हसला. मी दुसरं काही विचारलं नाही.
विचारायला तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात टगचा भोंगा झाला.

पावतीवर त्याने देवनागरीत सही केली, सावकाश:
सारंग.
मोजायचं नव्हतं, तरी मोजलं.
पाच.